बायकांनी बाहेर बसावं

१

शर्ट काढायला कोचनं इतका वेळ लावला, की सर्जनना काय ते तेवढ्यातच कळलं. बरा झालेला माणूस दारातूनच बटणं सोडत येतो. हा शेवटच्या बटणाशी असा खेळत होता, जणू ते सुटलं तर छत कोसळणार.

"दाखवा तरी."

कोचनं शर्ट खांद्यावरून खाली सोडला आणि मान फिरवून भिंतीकडं पाहत राहिला.

सर्जननी बोटं टेकवली. गेल्या वर्षी याच बोटांनी साफ केलेल्या जागी, स्तनाग्राच्या मागं, रबरासारखी घट्ट चकती सरकली. डावीकडे एक, उजवीकडे एक. टाक्याची रेघ मात्र इतकी बारीक होती की शोधावी लागली. कुलूप जागच्या जागी आणि आत घर धुऊन नेलेलं, अशी गत. फरक एवढाच, की इथं चोरानं नेलं काहीच नव्हतं. उलट आणून ठेवलं होतं.

"परत आली," कोच भिंतीला म्हणाला.

"हं."

सर्जन एवढंच बोलले, पण डोक्यात हिशेब सुरू झाला होता, आणि तो सगळा नावे बाजूलाच जात होता. पुरुषाची वाढलेली छाती उतरवायची तर चरबी नळीनं ओढता येते, गाठ मात्र कापून काढावी लागते. तीही सगळी काढायची नसते. स्तनाग्राखाली पातळ थर ठेवला नाही तर तिथं खळगा पडतो. किती पातळ, ते पुस्तकात नसतं. हाताला कळावं लागतं. त्या दिवशी हाताला कळलं नव्हतं का?

या गावात हे काम करणारे ते एकटेच. भर उन्हाळ्यात दोन-दोन बनियन घालून, खांदे पुढं ओढून, पोक काढून पुरुष त्यांच्याकडं येत. पोक बघूनच सर्जन ओळखत. अशा माणसाला आधी बोलतं करायचं म्हणून त्यांनी दवाखान्यात एक रीत पाडली होती: तपासणीच्या वेळी बायकांनी बाहेर बसावं. आई असो, बायको असो, बहीण असो. सिस्टर दाराशी उभी राहून ते इतक्या गोडीनं सांगे, की बाहेर काढलेल्या बाईलाही आपला मानच झाला असं वाटे. पुरुष मंडळी या रीतीवर जाम खूष होती. सर्जनही होते.

"मला सोमवारीच कापा," कोच म्हणाला. "परवा तलावावर एक पोरगी खोल पाण्यात गेली. मी काठावर होतो. मी उडी मारायला हवी होती, डॉक्टर. मी आधी टी-शर्ट..." त्यानं हात आपल्याच गळ्याशी नेला. "काढू की नको, काढू की नको, यात तो ओला टी-शर्ट डोक्यात अडकला. दुसऱ्या कोचनं काढलं तिला. पोरगी ठणठणीत आहे. मी नाही. तेव्हापासून मी पाण्यात उतरलेलो नाही. यंदा हे गेलं नाही, तर मी तलाव सोडणार."

एवढ्यात बाहेरच्या बाकावरून आवाज आला, दार बंद असूनही स्वच्छ ऐकू येईल असा: "कसायाकडे नेलं असतं ना, तर त्यानं निदान पुरतं कापलं असतं!"

"आमची आक्का," कोच ओशाळून म्हणाला. "थोरली बहीण. आईच्या जागी आहे. मनात काही ठेवत नाही."

"बरोबरच बोलतायत त्या," सर्जन म्हणाले, आणि सोमवार लिहून टाकला.

दुपारी त्यांनी भूलतज्ज्ञ बाईंना फोन केला. या बाई गावातल्या सगळ्या दवाखान्यांत भूल द्यायला जात, म्हणून सिस्टर लोकांनी त्यांचं नाव भूलबाई पाडलं होतं. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली.

"सोमवारी येते," त्या म्हणाल्या. "पण भूल देणार नाही."

२

"का म्हणून?" सर्जननी संध्याकाळी समोरासमोर विचारलं.

भूलबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. वयानं त्या सर्जनपेक्षा मोठ्या, आणि तोंडानं त्याहून मोठ्या. झोपण्याआधी माणूस जे खरं बोलतो ते ऐकण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळं जाग्या माणसावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

"खोड राहिलं म्हणून पालवी फुटते, कबूल," त्या म्हणाल्या. "पण आधी पाणी कोण घालतंय ते बघा. तुम्ही ठेवलेला थर गप पडून राहिला असता. त्याला कुणीतरी खाऊपिऊ घालतंय. ते सापडेपर्यंत तुम्ही कापत राहाल, मी झोपवत राहीन, आणि तो पाण्याला मुकेल."

"मी सगळं विचारलं होतं, बाई. औषधं, दारू, गोळ्या, केसांचं तेल, व्यायामशाळेतली इंजेक्शनं. यकृत पाहिलं, थायरॉइड पाहिलं, अंडकोष तपासले. रक्तातले हार्मोन्ससुद्धा बघितले. सगळं जिथल्या तिथं. माझाच हात चुकला."

"तुम्हाला अपराधी व्हायची फार घाई दिसते. थोडं थांबा, रांग लागेल."

आणि रांग लागलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आला तो कोचचा दोस्त. व्यायामाच्या पावडरीचे डबे विकायचा. त्याला सगळे पावडरशेठ म्हणत. भूलबाईंनी फक्त एक निरोप पाठवला होता. हा गडी खुर्चीत बसायच्या आतच रडकुंडीला आला.

"मीच केलं, मॅडम! मीच त्याला डबा दिला."

"काय होतं डब्यात?"

"देव जाणे. दुधाची पावडर म्हणतात. डब्यावर एका पैलवानाचा फोटो आहे, एवढंच मला माहीत. कोच माझा लंगोटीयार. त्याची छाती अशी झाल्यापासून मला झोप नाही. डबे परत घ्यायला गेलो तर म्हणतो, राहू दे, चव बरी आहे."

"तो कधीपासून घेतो?"

"आम्ही दोघं बरोबरच घेतो. एकाच डब्यातून, एकाच चमच्यानं."

भूलबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "शर्ट काढा."

"मी?"

"काढा हो. इथं रोज माणसं काढतात."

पावडरशेठनं शर्ट काढला. छाती अगदी पाटासारखी सपाट. त्यानं स्वतःच खाली वाकून ती पाहिली, आणि एका निर्दोष माणसाचा एवढा विरस झालेला भूलबाईंनी आजवर पाहिला नव्हता.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. घाला शर्ट."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "मॅडम, मग त्याच्या बायकोला विचारा. परवा ती माझ्याजवळ रडली. म्हणाली, हे सगळं माझ्यामुळं झालंय."

३

कोचची बायको शाळेत शिकवायची. आली ती नाक पुसत. सर्दी नव्हे, घरात कुत्रा आहे आणि त्याच्या केसांचं तिला वावडं आहे, असं तिनं पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं. आक्कांचा कुत्रा, त्यामुळं बोलायची सोय नाही, हे दुसऱ्यात.

"मी गोळ्या घेते," ती खाली बघत म्हणाली. "मूल नको म्हणून. शाळेतली एक जण म्हणाली, त्यात बायकांचे हार्मोन असतात. तेव्हापासून माझी खात्रीच पटलीय. तोंडातून, श्वासातून, कशानं तरी गेलं असेल त्यांच्यात."

"गोळी तुम्ही गिळता की पेल्यात विरघळवून दोघांत वाटून घेता?"

ती हसली नाही. "गिळते."

"मग ती तुमच्याच पोटात राहते. दुसरं काय ते सांगा. ज्यासाठी रडलात, ते."

बाई बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिली.

"मी हसले होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाढायला लागली तेव्हा. ते आरशासमोर उभे होते आणि मी मागून म्हटलं, अहो, माझ्यापेक्षा तुमचीच बरी. थट्टेनं. घरात थट्टा करत नाही का माणूस? ते पण हसले. पण त्या दिवसापासून शर्ट घालून झोपतात. माझ्याकडं पाठ करून. मला छातीला काय, खांद्यालाही हात लावू देत नाहीत." तिनं घडी मोडली. "माझ्या तोंडानं लागलं ते त्यांना. दृष्ट लागते तसं."

भूलबाईंनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा वेळ काढायचा प्रकार होता. एक हसणं आणि त्याच्यावर चढलेलं एवढं व्याज. सावकारालाही लाज वाटावी.

"हसण्यानं गाठ येत नाही, पोरी. माझं निम्मं गाव गाठींनी भरलं असतं. मला एक सांग, मधे कधी कमी झालं होतं का?"

"उन्हाळी शिबिराला गेले होते तेव्हा. फोनवर म्हणाले, आता दुखत नाही, टोचत नाही. तरी आकार होताच, म्हणून परत आल्या आल्या ऑपरेशन करून घेतलं. रक्तसुद्धा तिथंच तपासून आणलं होतं, इथं कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून."

"शिबिरात पावडर घेत होते?"

"डबा घेऊनच गेले होते."

"आणि ऑपरेशननंतर?"

"तो घट्ट पट्ट्याचा बनियन घालायचे तोवर एकदम छान होतं. तो सुटला, घरातलं रोजचं सगळं सुरू झालं, आणि हळूहळू..."

ती गेल्यावर भूलबाई सर्जनच्या खोलीत शिरल्या.

"डॉक्टर, गुन्हा घडतच नव्हता त्या जागी जाऊन तुम्ही पंचनामा केलात. म्हणून रक्त चोख निघालं. जे काय आहे ते शिबिरात नाही, डब्यात नाही, बायकोच्या गोळीत नाही. ते त्याच्या घरात आहे."

४

ऑपरेशनआधीची तपासणी घरी येऊन करते, अशी थाप मारून भूलबाई कोचच्या घरी पोचल्या.

दार आक्कांनी उघडलं. "या! कापणाऱ्यामागून झोपवणारीही आली का? बसा. माझ्या भावाचं काय वाटोळं करायचं राहिलंय, त्याची यादी करायला आलात वाटतं."

"यादी कशाला? तोंडपाठ आहे," भूलबाई म्हणाल्या आणि बसल्या. आक्कांनी एकवार त्यांच्याकडं रोखून पाहिलं. बरोबरीचं कुणी भेटलं की बरं वाटतंच माणसाला.

बाहेर चांगलीच थंडी होती. कोचची बायको स्वेटरमध्ये गुरफटून कोपऱ्यात शाळेच्या वह्या तपासत होती. कोच कानटोपी घालून बसला होता. आक्का मात्र अर्ध्या बाह्यांच्या पोलक्यात, सताड उघड्या खिडकीशी, आणि तरी टेबलफॅन त्यांच्याकडंच तोंड करून फिरत होता.

"आक्का, खिडकी लावू का जरा?" कोचच्या बायकोनं शिंकत विचारलं.

"जीव गुदमरतो माझा. तू दुसरा स्वेटर घाल."

आक्कांच्या मांडीवर एक गुबगुबीत कुत्रा त्यांच्या उघड्या हातावर हनुवटी टेकून पेंगत होता. मुकादम त्याचं नाव. काम शून्य आणि देखरेख सगळ्यांवर, म्हणून. त्याचं खाणं वेगळं, दुकानातून आणलेल्या पिशवीतलं. स्वयंपाकघरातल्या कशालाही तो तोंड लावत नाही, असं आक्कांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

भूलबाईंनी कोचची नाडी पाहिली, घसा पाहिला, आणि हे करता करता घर पाहिलं. खिडकीच्या कट्ट्यावर तेलाची बाटली. खाली एक बुटकं स्टूल, मधोमध झिजलेलं.

"हे कशाला?"

"त्याचे खांदे," आक्का म्हणाल्या. "लहानपणापासून पाण्यात. दोन्ही खांदे धरलेले असतात कायम. सकाळी माझी आंघोळ झाली की आधी त्याचे खांदे उतरवायचे, मग चहा. नुसती बोटं चालत नाहीत त्याला, असा कोपरापासून हात फिरवावा लागतो." त्यांनी मुकादमाच्या पाठीवरून हात लांबवून फिरवून दाखवला. "आई गेली तेव्हा हा माझ्या कमरेएवढा होता. तेव्हापासूनचा नेम. आणि अशा हातांनी वाढवलेल्या अंगावर तुमचा तो सर्जन सुरी चालवतो आणि धड काम करत नाही! रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही माझा."

"घामानं?"

आक्का चपापल्या. "काय?"

"काही नाही. खिडकीवरून आठवलं."

मुकादमानं जांभई दिली आणि लाडात येऊन उताणा झाला. भूलबाई सहज बघायला म्हणून वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. पोटावरचे केस विरळ झाले होते. आणि त्या उघड्या पोटावर दोन्ही बाजूंनी रांगेनं, पिल्लं पाजणाऱ्या आईसारखे, टपोरे फुगलेले सड.

"आक्का, हा कुत्रा आहे की कुत्री?"

"डोळे आहेत ना? कुत्रा आहे चांगला! लठ्ठ झालाय थोडा. जनावरांचा डॉक्टरही तेच म्हणतो, कमी खाऊ घाला."

पुरुषाला कुणी लठ्ठ म्हणून वाटेला लावावं, तसंच कुत्र्यालाही लावलं होतं. भूलबाईंनी मुकादमाच्या डोक्यावर थोपटलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, या घरात खरं बोलणारा तू एकटाच.

५

"कुत्रा?" सर्जननी विचारलं. "तुम्ही कुत्र्याची साक्ष काढताय?"

"माणसांच्या काढून झाल्या. सगळ्यांनी गुन्हा कबूल केला आणि एकानंही केलेला नाही. ऐका. कोचला जे झालं तेच मुकादमाला झालंय. म्हणजे एकच गोष्ट दोघांपर्यंत पोचते आहे. खाण्यातून? कुत्र्याचं खाणं वेगळं. पावडर? ती कुत्रा पीत नाही. पाणी, हवा, अंथरूण? मग बायकोलाही काही झालं असतं, आणि पट्ट्याचा बनियन सुटून आक्कांचं मालिश सुरू झाल्यावरच नेमकं का व्हावं? बायकोचं म्हणाल तर तिला कुत्र्याजवळ जाता येत नाही आणि नवरा जवळ येऊ देत नाही. राहिलं काय?"

सर्जनना ते दिसायला लागलं होतं.

"कोपरापासून मनगटापर्यंतचा हात," भूलबाई म्हणाल्या. "रोज सकाळी आंघोळीनंतर भावाच्या उघड्या पाठीवर. मग दिवसभर कुत्र्याच्या हनुवटीखाली. आणि त्या हाताची मालकीण थंडीत खिडकी उघडी टाकून पंखा लावून बसते, रात्री घामानं जागी होते. त्या वयाच्या बायकांना जे होतं तेच. त्यावर औषध मिळतं, हातावर फवारायचं. बायकांचं हार्मोन. वाळू द्यायचं असतं, झाकायचं असतं, दुसऱ्याच्या अंगाला लागू द्यायचं नसतं."

"पण मी विचारलं होतं!" सर्जन जवळजवळ ओरडले. "घरात कुणी हार्मोनचं काही वापरतं का, हा प्रश्न माझ्या यादीत आहे. कोच नाही म्हणाला."

"त्याला कुठून ठाऊक असणार? थोरली बहीण धाकट्या भावाला असलं सांगते का? तो प्रश्न तिला विचारायचा होता. ती प्रत्येक वेळी आली होती त्याच्याबरोबर. शिव्या देत का होईना, आली होती. कुठं होती ती, तुम्ही विचारत होतात तेव्हा?"

दोघांचीही नजर एकदमच दाराकडं गेली. दाराच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. सिस्टर कुणाच्या तरी आईला हात धरून गोडीनं त्यावर बसवत होती.

६

आक्का त्या खोलीत पहिल्यांदाच आल्या. आत येताच त्यांनी सगळं नजरेखालून घातलं: तपासणीचा पलंग, दिवा, भिंतीवरचा आरसा.

"एवढीच खोली होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, आत काय दरबार भरतो की काय. बोला. काय कापलंत आणि काय ठेवलंत ते सांगायला बोलावलंय ना?"

सर्जननी तोंड उघडलं, पण भूलबाईंनी हातानंच थांबवलं. त्या आक्कांच्या शेजारी जाऊन बसल्या, भूल द्यायच्या आधी पेशंटशेजारी बसतात तशा.

"आक्का, तुम्ही काय घेता?"

"मी? पेशंट मी नाही."

"तरी सांगा."

"बीपीची गोळी. बास."

"आणि लावता काय?"

आक्कांचं बोलणं तुटलं. बोलणं तुटलं, पण हात बोलला: उजवा हात डाव्या हाताच्या मनगटावर गेला आणि कोपरापर्यंत सरकत जाऊन तिथंच थांबला, जणू अंगावर पदर नसल्याचं एकदम ध्यानात आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

"मुकादमानं."

"थट्टा करू नका."

"करत नाही."

मग सगळं आलं, तुकड्यातुकड्यांनी. घामाचे लोट. भर बाजारात, भर दुकानात, चेहरा लाल व्हायचा. वहिनी तरणी, भाऊ तरणा. त्या घरात आपलं म्हातारपण असं उकळत बाहेर येतंय, हे कुणाला सांगायचं? लांबच्या वस्तीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी फवारा लिहून दिला होता. तिथल्याच दुकानातून आणायचा. माहितीचा कागद खोक्यातून काढून न वाचताच फाडून टाकायचा, कारण त्यावर बाईचं चित्र होतं आणि कचऱ्यात कुणाला दिसलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. बाटली कपाटात, हिवाळ्याच्या मोज्यात.

"त्याचा काय संबंध?" आक्का म्हणाल्या, पण त्यांना तो कळला होता. कोडं सुटल्याचा आनंद बघायचा तर तो निदान त्या चेहऱ्यावर नव्हता. "आंघोळ झाली की लावायचे मी. आणि लगेच त्याचे खांदे..."

त्यांनी दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"हात वाळायच्या आत," त्या म्हणाल्या. "त्याला उशीर व्हायला नको म्हणून."

मग सर्जन घसा खाकरून म्हणाले, "आक्का, त्यांना हे कळायची गरज नाही. तुम्ही फवारा बंद करा, मालिश थांबवा. मी त्यांना सांगतो, माझ्या हातून थोडी गाठ राहून गेली होती. नाही तरी चूक माझीच आहे. विचारायचं होतं तुम्हाला, आणि तुम्हालाच मी दाराबाहेर बसवून ठेवलं. तुम्ही म्हणालातच ना, कसायानं पुरतं कापलं असतं."

सर्जनचा हा उदारपणा म्हणावा तर उदारपणा होता. पण भूलबाईंना माणसांचे हिशेब कळत होते. अपराधाचं ओझं फार झालं की माणूस दुसऱ्याचंही उचलायला बघतो, म्हणजे वजन सारखं होऊन चालायला सोपं जातं.

"खोटं का सांगता?" त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा कुठं बायकोची कसली बाटली आली, तर त्याला कळायला हवं ना कशापासून जपायचं ते."

"गप बसा दोघं," आक्का म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. हात पदराखाली गुंडाळून घेतलेले. "माझ्या भावाला काय सांगायचं ते मी सांगेन. पण डॉक्टर, सोमवारी कापू नका त्याला. आधी माझा फवारा त्याच्या अंगातून जाऊ दे. मी आहे, म्हणून तर तुम्हाला सुरी लागतेय."

दारापाशी त्या अडखळल्या.

"माझा हात लागून झालं," त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "आणि तो सांगत होता, दुखतंय, आक्का. तर मी आणखी जोरात रगडत होते."

७

आक्कांनी भावाला काय सांगितलं आणि तो काय म्हणाला, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. बातम्या आल्या त्या वहिनीकडून, भूलबाईंच्या कानावर. आक्कांना आता वेगळ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलंय, वहिनी स्वतः घेऊन गेली. फवारा गेला, गोळी आली. मुकादमाचं पोट उतरलंय, केस आलेत. कोचची टोचणी थांबली. घरात थट्टा मात्र होत नाही, कारण आक्का बोलतच नाहीत. हात कायम शालीत. मुकादम मांडीवर चढायला बघतो, त्याला ढकलून देतात. स्टूल माळ्यावर गेलं. भावाला वाढताना ताटसुद्धा लांबून सरकवतात.

"आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं," वहिनी म्हणाली. "आता काही धोका नाही म्हटलं. हे तर हात पुढं करून बसतात त्यांच्यासमोर. त्या उठून जातात."

रक्त तपासलं, या वेळी गावातच. सर्जननी वाट पाहिली. गाठ पुष्कळ मऊ पडली. जी उरली ती त्यांनी काढली, आणि भूलबाईंनी विनातक्रार भूल दिली. सुरी धरताना सर्जनच्या हाताला सगळं कळत होतं. किती ठेवायचं तेही.

पट्ट्याचा बनियन सुटायचा दिवस आला. दवाखाना भरलेला होता: पोक काढलेले, दोन बनियनवाले, घडीघडी शर्ट पुढं ओढणारे. आक्का नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या, शालीत हात घालून.

"आक्का, आत या ना," सिस्टर म्हणाली. "आता बायकांनीही आत यायचं असतं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मी इथंच बरी."

सिस्टरनं पुन्हा म्हटलं. मग सर्जन स्वतः दारात आले. आक्कांनी मान हलवली.

आत भूलबाई होत्या, उगाच. आज त्यांचं काही काम नव्हतं. कोचनं बनियन उतरवला, आरशात पाहिलं. सपाट, खांद्यांपासून कमरेपर्यंत पोहणाऱ्याचं शरीर. सर्जननी त्याच्या हातात शर्ट दिला.

कोचनं तो परत पलंगावर ठेवला, आणि दार उघडून बाहेर गेला.

बायकोसमोर शर्ट न काढणारा, बुडत्या पोरीसाठी टी-शर्ट न सुटलेला तो माणूस, भरल्या दवाखान्यात उघड्या अंगानं चालत बाकापर्यंत गेला. पोक काढलेल्यांच्या माना वर झाल्या. तो आक्कांच्या पायाशी फरशीवर बसला, त्यांच्याकडं पाठ करून.

"आक्का, खांदा धरलाय."

आक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. "अरे शर्ट घाल आधी. लोक बघतायत."

"बघू देत."

"दुसऱ्या कुणाकडून करून घे."

"दुसऱ्या कुणाला जमत नाही. उद्या मला पाण्यात उतरायचंय."

आक्का हलल्या नाहीत. कोचही नाही. एका म्हाताऱ्यानं उगाच खोकून घेतलं. मग आक्का उठल्या, आणि सर्जनना वाटलं, चालल्या आता घरी. पण त्या कोपऱ्यातल्या बेसिनशी गेल्या. शाल काढून खुंटीवर टाकली. साबण घेतला आणि हात धुवायला लागल्या: बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत, कोपराच्याही वर. पुसले. पुन्हा साबण लावला. पुन्हा धुतले. सगळा दवाखाना बघत होता. इतका वेळ सर्जनही कधी हात धूत नसत.

"झाले हो स्वच्छ," भूलबाई दारातून म्हणाल्या.

"मला दिसतंय," आक्का म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा साबण घेतला.

कोच तसाच बसून राहिला, मान खाली घालून, पाठ उघडी. त्याला घाई नव्हती.